बावन्नातून सत्तावीस: प्राथमिक शिक्षक कसा घडतो

डी.एड.च्या पहिल्या वर्षातला माझा चौथा सराव पाठ. नगरपालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग, विषय गणित, घटक हातच्याची वजाबाकी. शेवटच्या बाकावर आमच्या मॅडम पाठ निरीक्षणाची वही उघडून बसल्या होत्या. मी फळ्यावर ५२ − २७ मांडलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशकाच्या घरातून एक दशक घेतला, दोनाचे बारा झाले. बारातून सात गेले, उरले पाच. चारातून दोन गेले, उरले दोन. उत्तर पंचवीस. "कळलं?" "हो बाई!" सगळा वर्ग एका सुरात. मग ६४ − ३८ सोडवायला दिलं आणि बाकांमधून फिरू लागले. पाच-सहा वह्यांत उत्तर होतं ३४.

त्यातल्या एकाला म्हटलं, "चुकलंय, पुन्हा कर." त्याने खोडलं, पुन्हा केलं. ३४. "नीट बघून कर." पुन्हा ३४. तेवढ्यात तास संपला. मॅडमनी वहीत शेरा लिहिला होता: 'उत्तर चुकलं हे तुम्ही पाहिलंत. ते आलं कुठून, हे त्याला विचारलं नाहीत.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला विचारलं. तो अगदी ठामपणे म्हणाला, "चारातून आठ जात नाहीत ना बाई, मग आठातून चार घालवले. मोठ्यातून लहान जातं." हा नियम काही त्याने स्वतः शोधला नव्हता. बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना कुणा मोठ्या माणसानेच तो त्याला सांगितला होता आणि तो इमानेइतबारे पाळत होता. मी त्याला दोनदा परत पाठवलं आणि दोन्ही वेळा तो आपल्या नियमाला धरून बरोबरच होता.

प्राथमिक शिक्षकाला कॉलेजात दोन वर्षं काय शिकवतात, असं कुणी विचारलं की मला तो शेरा आठवतो. बाकीचं सगळं त्याच्याभोवती उभं आहे.

'पहिली-दुसरीला शिकवायला काय लागतं? बाराखडी आणि पाढे तर सगळ्यांनाच येतात,' हे वाक्य आपल्याकडे शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. वजाबाकी येणं आणि वजाबाकी शिकवता येणं यांत किती अंतर आहे ते त्यांना ठाऊक नसतं, कारण ते स्वतः हे अंतर वयाच्या आठव्या वर्षी ओलांडून विसरून गेलेले असतात. शिक्षकाला मात्र ते पुन्हा चालून जावं लागतं, आणि तेही प्रत्येक मुलाच्या पावलाने. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं बहुतेक वेळा गोंधळून काहीबाही लिहीत नाहीत. त्यांच्या डोक्यात एक चुकीची पण पक्की रीत बसलेली असते आणि ती पकडली की मूल पुढच्या उदाहरणात काय उत्तर देईल हे आधीच सांगता येतं, असं त्यांना दिसलं. होतकरू शिक्षकांना अशी रीत ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांनी संगणकावर एक खेळही तयार केला होता. माझ्या वर्गातल्या मुलाची 'मोठ्यातून लहान' ही रीत त्या चुकांमधली अगदी नेहमीची.

तिच्यावरचा उपाय फळ्यावर नाही, काड्यांत आहे. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले सहा गठ्ठे आणि चार सुट्या काड्या मुलाच्या हातात द्यायच्या आणि म्हणायचं, यातल्या अडतीस मला दे. तीन गठ्ठे तो लगेच देतो. मग आठ सुट्या द्यायच्या असतात आणि त्याच्याकडे असतात चारच. तो थांबतो, इकडे-तिकडे बघतो, आणि बहुतेक मुलं कुणी न सांगता एका गठ्ठ्याचं रबर काढतात. त्या क्षणी 'हातचा' या शब्दाला अर्थ येतो. दशक सुटा झाला म्हणजे काय झालं, हे बोटांना कळलेलं असतं. त्यानंतर हीच कृती वहीत कशी लिहायची एवढंच शिक्षकाने दाखवायचं. मी हे उलट क्रमाने केलं होतं. आधी लिहिणं आणि काड्या टाचण वहीत 'शैक्षणिक साधने' या रकान्यापुरत्या.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या प्रकारच्या ज्ञानाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचं ज्ञान वेगळं, आणि हा विषय या वयाच्या मुलाला कुठे अडतो, कोणत्या उदाहरणाने सुटतो हे ज्ञान आणखी वेगळं. आपल्याकडे अध्यापक विद्यालयांत याला 'आशययुक्त अध्यापन' म्हणतात. शब्द बोजड आहे, पण गोष्ट मोलाची आहे.

ती किती मोलाची, हे लिपिंग मा या संशोधक बाईंच्या १९९९ सालच्या पुस्तकात दिसतं. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या. एक प्रश्न होता: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि यावर मुलांसाठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा. आपल्या भाषेत सांगायचं तर, पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरल्या तर किती भरतील? साडेतीन. चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांना उत्तर आलं आणि बहुतेकांना असं उदाहरणही रचता आलं. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांहून कमी लोकांना उत्तर बरोबर काढता आलं. अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याचं उदाहरण दिलं. अमेरिकन शिक्षक सोळा-सोळा, अठरा-अठरा वर्षं शिकलेले होते. चिनी शिक्षकांचं सगळं शिक्षण मिळून अकरा-बारा वर्षांचं होतं. पण त्यांनी शिकवायच्या गणिताचाच खोलवर विचार केला होता, शाळेत रुजू झाल्यावरही सहकाऱ्यांबरोबर बसून केला होता. पदवी मोठी असली की प्राथमिक शिक्षक चांगला होतो, हा समज या एका अभ्यासाने बराच हलवला.

मराठी मुलांना तर गणितात आणखी एक घाट चढावा लागतो. आपण ५७ लिहिताना आधी पाच लिहितो, मग सात. बोलताना मात्र 'सत्तावन', म्हणजे आधी सात, मग पन्नास. एकोणसाठ म्हणताना तर साठचं नाव घेऊन एक कमी सांगतो आणि लिहितो ५९. पहिली-दुसरीतली मुलं ५७ ऐकून ७५ लिहितात ते याचमुळे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. मराठीची मोडतोड चालली आहे, असं लोकांना वाटलं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडशब्द काढलेले नाहीत, मुलाला आधी संख्या उमगावी एवढाच हेतू आहे. ती रीत कुणाला पटो न पटो, तिच्यामागचं कारण प्राथमिक शिक्षकाला माहीत असलंच पाहिजे. ५७ च्या जागी ७५ लिहिणाऱ्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणून ओरडणारा शिक्षक मराठी संख्यानामांचा अन्याय त्या मुलावर लोटत असतो.

भाषेचंही असंच. 'सूर्य' लिहिताना रफार य च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात र आधी येतो. म्हणून मूल 'सूयर' वाचतं. 'प्रकाश'मधला र पायाशी तिरका, 'राष्ट्र'मधला ट च्या खाली, 'वाऱ्या'मधला आडवा. एकाच अक्षराची चार रूपं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत एका रेषेचा फरक, आणि एकीकडे गुरू, दुसरीकडे स्वयंपाकी. वाचता येणाऱ्याला हे दिसतच नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. डी.एड.ला आम्हाला पहिलीच्या पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक पान घेऊन 'इथे मूल कुठे अडेल' असं समासात लिहायला लावलं होतं. तेव्हा कंटाळा आला होता. आज मला वाटतं, त्या दोन वर्षांतला तोच सर्वांत कामाचा गृहपाठ होता.

आता या अभ्यासक्रमाचा सांगाडा थोडक्यात. बारावीनंतर दोन वर्षं. पूर्वी डी.एड. म्हणत, मधल्या काळात डी.टी.एड. झालं, आता डी.एल.एड. बालविकास, शिक्षणाचा समाजाशी असलेला संबंध, भाषा, गणित, परिसर अभ्यास यांच्या अध्यापन पद्धती, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या निकषांप्रमाणे यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत आंतरवासिता हवी. पहिल्या वर्षी चार आठवडे, दुसऱ्या वर्षी सोळा.

शाळेत जाण्याआधी सूक्ष्म अध्यापन. ही कल्पना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात निघाली. आपल्याकडे त्याचं रूप असं: समोर आपलेच पाच-दहा वर्गमित्र मुलं म्हणून बसतात, एकाच कौशल्याचा, म्हणजे फक्त प्रश्न विचारण्याचा किंवा फक्त फलक लेखनाचा, सहा मिनिटांचा पाठ. सहा मिनिटं चर्चा. बारा मिनिटांत पाठाची नवी आखणी. पुन्हा सहा मिनिटं पाठ, पुन्हा सहा मिनिटं चर्चा. छत्तीस मिनिटांचं एक चक्र. पहिल्यांदा सगळ्यांना हसू येतं. मोठाली मुलं-मुली 'बाई, बाई' करत हात वर करतात. पण आपण प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघता स्वतःच उत्तर देऊन टाकतो, हे मला तिथेच पहिल्यांदा समजलं. मैत्रिणीने घड्याळ लावून मोजलं होतं. मी जेमतेम एक सेकंद थांबत होते. सात वर्षांच्या मुलाला प्रश्न समजून घ्यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

बालमानसशास्त्राबद्दल मला थोडी तक्रार आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या बालविकासाच्या अवस्था, त्यांची वयं, त्यांची नावं पाठ करून आम्ही पेपर लिहिले. पियाजेने मात्र मुलांसमोर बसून त्यांना विचारलं होतं. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं की पाच-सहा वर्षांचं मूल म्हणतं, पाणी वाढलं. हे पुस्तकात वाचणं आणि आपल्या शेजारच्या घरातल्या मुलाला विचारून त्याचं उत्तर ऐकणं यांत फार फरक पडतो. एकदा ऐकलं की 'मुलाला समजत नाही' हे वाक्य तोंडून निघेनासं होतं. मुलाला वेगळं समजत असतं. अभ्यासक्रमात एका मुलाचा व्यक्ती अभ्यास करायचा असतो तो यासाठीच, पण वर्षाअखेरीस एकमेकांच्या फायली समोर ठेवून तो उतरवला जातो हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टाचणांचंही तसंच. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती असे रकाने सुंदर अक्षरात भरण्यात रात्री जातात आणि मूल काय म्हणेल याचा विचार करायला वेळ उरत नाही.

जे कॉलेजात फारसं शिकवलं जात नाही आणि महाराष्ट्रातल्या खेड्यात पहिल्या दिवसापासून लागतं, त्याबद्दल बोललंच पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा म्हणजे एका शिक्षकाकडे निदान दोन इयत्ता, आणि दुसरा शिक्षक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही. सराव पाठ मात्र आम्ही नेहमी एका इयत्तेच्या नीटनेटक्या वर्गावर घेतले. पहिलीला वाचन चालू असताना चौथीला कोणतं काम द्यायचं की ते अर्थपूर्ण असेल, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवलं तर दोघांचाही फायदा कसा होईल, हे बहुवर्ग अध्यापन मला नोकरीत लागल्यावर एका ज्येष्ठ गुरुजींनी शिकवलं. दुसरी उणीव भाषेची. मेळघाटातल्या कोरकू मुलाची घरची भाषा मुंडा कुळातली, गडचिरोलीतल्या गोंड मुलाची द्राविड कुळातली. मराठीशी त्यांचं घराणंच वेगळं. अशा मुलासमोर पहिलीचं मराठी पुस्तक म्हणजे परकी भाषाच, आणि ती परकी भाषा म्हणून शिकवण्याची तयारी डी.एड.मध्ये होत नाही.

या दृष्टीने मागे पाहिलं तर आपल्या मातीत फार मोठे धडे आहेत. सावित्रीबाई फुले शाळेत शिकवू लागल्या त्या नुसत्या अक्षरओळखीच्या जोरावर नाही. अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. पुढे हे काम १९५७ मध्ये कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, शिंपले, बिया, पानं हीच साधनं करायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. शिक्षक-प्रशिक्षणात आयुष्य घालवलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापूरला 'सृजन आनंद विद्यालय' काढलं, आणि आपण प्रशिक्षणार्थींना जे सांगत आलो ते लहान मुलांच्या वर्गात खरं ठरतं का, हे स्वतः वर्गात उतरून पाहिलं. कोणत्याही अध्यापक विद्यालयाच्या प्राध्यापकाने असं अधूनमधून केलं पाहिजे. आठवड्यातून दोन तास तरी पहिलीच्या वर्गावर.

यापुढचा भाग मला दुःखाने लिहावा लागतो आहे. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, असं समीकरण झालं आणि कॉलेजांचं पीक आलं. २०१० नंतर भरती कित्येक वर्षं रखडली आणि तीच कॉलेजं ओस पडली. डी.एड. झालेली, गुणवान पोरं दुकानात आणि शेतात कामाला लागली. राज्यातल्या नव्या डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातूनच न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. देशातल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या बहुसंख्य शिक्षक-प्रशिक्षण संस्था शिक्षण देण्याचा प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात, असा आयोगाचा २०१२ मधला निष्कर्ष राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये उद्धृत केला आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली. पहिली ते पाचवीच्या पेपरला १५० प्रश्न, त्यांतले ३० बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे. ही चाळणी हवी होती. पण पर्यायांसमोरचा गोल काळा करून कुणी मुलाला 'हे उत्तर तू कसं काढलंस?' असं विचारतो की नाही, ते कळत नाही.

एक निकाल मात्र या सगळ्यात महत्त्वाचा. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीला शिकवायला पात्र ठरवलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. प्राथमिक वर्गाला शिकवायला त्या वयाच्या मुलांसाठीचं खास प्रशिक्षण लागतं आणि बी.एड. त्यासाठी बनलेलंच नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मोठी पदवी असली म्हणजे लहान मुलांना शिकवता येतंच, या आपल्या जुन्या समजुतीला त्या निकालाने कायद्याच्या भाषेत उत्तर दिलं आहे.

नव्या धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच किमान पात्रता व्हायची आहे. प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्येच सुरू केला होता, त्यामुळे हा मार्ग अनोळखी नाही. चार वर्षं मिळाली तर मला आनंदच आहे. माझी मागणी एवढीच की ती वाढीव वर्षं व्याख्यानांना न जाता शाळेतल्या बाकांमधून फिरण्याला मिळावीत.

आणि हे तुमच्याशिवाय होणार नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत हातात तक्ते घेतलेले, घाबरलेले छात्राध्यापक येतील तेव्हा 'आमच्या मुलांवर कशाला प्रयोग?' असं म्हणू नका. त्या वीस आठवड्यांखेरीज शिक्षक व्हायला दुसरी जागा नाही. मुख्याध्यापकांनी अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून त्यांचे तास कापू नयेत. आणि वर्गशिक्षकांनो, त्या तासाला स्टाफरूममध्ये चहाला जाऊ नका. मागच्या बाकावर वही घेऊन बसा, आणि तास संपल्यावर त्या पोरीशी दहा मिनिटं बोला.